मशीन पाणी सोडत नाही, काय करावं?

मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू बोलायला लागल्या की ऐकणाऱ्यानं रुमाल काढायचा असतो, हे मला ठाऊक आहे. तुम्ही तो खिशातच राहू द्या. मळलेला असेल तर माझ्याकडे द्या. अकरा वर्षं मी एका घराचे कपडे धुतले. त्यातली जवळजवळ दहा वर्षं मी कागदोपत्री आजारी होते आणि प्रत्यक्षात ठणठणीत. माझ्या या खोट्या आजारानं चार घरं एकमेकांना जोडली. असं आजारपण मागून मिळत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. कोणी पत्रा वाकवला, कोणी ड्रम बसवला, एकानं माझं दार वीस वेळा उघडझाप करून पाहिलं. शेवटी एका बाईंनी माझ्या पाठीवर नंबर चिकटवला आणि मला पुढे ढकललं. तिथून दुकान आणि दुकानातून हे घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्याला लागून कपडे वाळत घालायची गॅलरी. फ्रिज आणि गॅलरीचं दार यांच्यामधल्या कोपऱ्यात मला उभं केलं. जागा इतकी बेताची की माझं दार उघडलं की फ्रिजचं उघडत नसे.

घरात चार माणसं होती. बाई गल्लीच्या तोंडाशी एका दुकानात कपडे बेताचे करून द्यायच्या. कुणाची पँट लांब, कुणाचा कोट घट्ट, सगळी उसवाउसवी त्यांच्याकडे. त्यांचे यजमान, म्हणजे काका, टपाल कचेरीत होते. ज्या पत्रांवरचा पत्ता अर्धवट, पुसलेला किंवा चुकलेला असे, ती सगळी त्यांच्या टेबलावर यायची आणि ते त्यांना मालक शोधून द्यायचे. संध्याकाळी टेबल रिकामं झाल्याशिवाय ते खुर्चीतून उठत नसत. तिसरी त्यांची शाळेत जाणारी लेक. आणि चौथ्या म्हणजे आजी, बाईंच्या सासूबाई. त्यांची नजर अधू झाली होती, पण जीभ शाबूत होती.

पहिलं वर्ष संपता संपता माझं पोट तुंबलं. पाणी आत, लेकीचा शाळेचा गणवेश आत आणि दार बंद. बाईंनी फोनवर कंपनीचं मदतीचं पान उघडलं. तिथे प्रश्न विचारायला एक नाव घ्यावं लागायचं. खरं नाव कशाला द्यायचं म्हणून त्यांनी ‘काजेबटणे’ असं नाव घेतलं आणि प्रश्न लिहिला, ‘मशीन पाणी सोडत नाही, काय करावं?’

तासाभरात तीन उत्तरं आली. तिघांकडेही माझ्याच जातीच्या मशीन होत्या. पहिला नदीवर माणसं पार करणारी बोट चालवायचा, त्याचं नाव ‘बोटवाला’. दुसरी मुलांना पोहायला शिकवणारी, ती ‘जुळ्यांची आई’. तिसरा बांधकामावर क्रेन चालवायचा आणि वडिलांबरोबर बिनलिफ्टच्या इमारतीत राहायचा, म्हणून ‘चौथा मजला’. बोटवाल्यानं लिहिलं होतं, ‘घाबरू नका. खाली डाव्या कोपऱ्यात एक झाकण आहे. पसरट भांडं ठेवा आणि हळू उघडा. मी भांडं न ठेवता उघडलं होतं, तेव्हा घरातच बोट चालवायची वेळ आली.’

झाकण उघडलं. पाण्याबरोबर दोन बटणं, एक हूक आणि आजींचं कानातलं बाहेर पडलं. हेच कानातलं हरवलं म्हणून आजींनी दोन महिने नातीला धारेवर धरलं होतं. बाईंनी हे सगळं जसंच्या तसं पानावर कळवलं. त्यावर जुळ्यांच्या आईनं लिहिलं की तिच्याकडे तिथून एक मोजा निघाला होता, आणि त्या मोज्यावरून घरात महाभारत झालं होतं. चौथा मजला म्हणाला, वडिलांचा चष्मा निघाला असता तर बरं झालं असतं, तो अजून सापडलेला नाही.

झालं, मित्रांनो. माझं पोट मोकळं झालं आणि यांची तोंडंही.

रोज संध्याकाळी मी धुवायला लागले की बाई माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसायच्या. आजी दारात खुर्ची टाकायच्या. बाई फोनवरचं मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि आजी उत्तरं सांगायच्या.

“लिही तिला,” आजी म्हणायच्या, “दोघांना वेगवेगळ्या रंगाचे मोजे घेऊच नकोस म्हणावं. एकाच रंगाचे घे, भांडायला कारण उरणार नाही.”

दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं, ‘आजी, घेतले. आता माझा जास्त काळा आहे म्हणून मारामारी चालू आहे.’

बोटवाल्याला मूलबाळ नव्हतं. तो आणि त्याची बायको, दोघंच. बायकोला तो कायम ‘आमच्या मालकीणबाई’ म्हणायचा. मालकीणबाईंनी आज खिडकी रंगवली, मालकीणबाई शेजारणीवर रुसल्या, मालकीणबाई म्हणतात काजेबटण्यांच्या सासूबाई मला हव्या होत्या. “मग ये म्हणावं घेऊन जायला,” बाई हसत म्हणायच्या. आजी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

एकाच्या गावात सकाळचा चहा व्हायचा तेव्हा दुसऱ्याकडे दिवे लागलेले असायचे. लेकीची परीक्षा, चौथ्या मजल्याच्या वडिलांचं गुडघ्याचं दुखणं, जुळ्यांचे पडलेले दात, सगळं त्याच एका मथळ्याखाली चालायचं. मशीन पाणी सोडत नाही, काय करावं?

कंपनी मात्र शिस्तीची. दर आठवड्याला बाईंच्या फोनवर विचारायची, ‘आपला प्रश्न सुटला का?’ खाली दोन बटणं. होय आणि अजून नाही. पहिल्या वेळी बाईंचं बोट ‘होय’वर गेलंच होतं. तेवढ्यात बारीक अक्षरातली ओळ त्यांनी वाचली, ‘होय दाबल्यास हे पान बंद होईल.’ बोट थांबलं. या बाई गिऱ्हाइकाची उरलेली चिंधीसुद्धा घडी घालून परत देणाऱ्या. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि ‘अजून नाही’ दाबलं. पुढे दर आठवड्याला त्या तेच करत राहिल्या. कंपनी दर वेळी दिलगिरी व्यक्त करायची आणि मशीन बंद करून पुन्हा चालू करून पाहायला सांगायची.

तुम्ही म्हणाल, इतकी गट्टी जमली होती तर फोन नंबर का नाही घेतले एकमेकांचे? दारात उभ्या उभ्या गप्पा रंगतात आणि आत या म्हणायचं राहून जातं, तसं झालं. पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर सहज विचारलं असतं. पाच वर्षांनी विचारायला संकोच वाटतो.

चार वर्षांनी कंपनीलाच माझी दया आली आणि तिनं आपण होऊन एक मेकॅनिक पाठवला.

“पाणी सोडत नाही अशी तक्रार आहे,” तो पिशवी खाली ठेवत म्हणाला.

“हो,” बाई म्हणाल्या. “म्हणजे नाही. म्हणजे कधी कधी.”

त्यानं मला चालू केलं. मला काय, मी धडाधड पाणी सोडलं. खोटं बोलायचं शिक्षण मला कारखान्यात कोणी दिलं नव्हतं. मेकॅनिकनं तीनदा चालवून पाहिलं आणि तिन्ही वेळा माझं पोट साफ.

“ताई, दोनशे वेळा तुम्ही अजून नाही दाबलंय.”

बाईंचा चेहरा लाल झाला. आजी खुर्चीतून म्हणाल्या, “ती माणूस बघून सोडते. तुम्ही आलात म्हणून घाबरली.”

मेकॅनिकनं चहा घेतला, आजींकडे एकदा नीट पाहिलं आणि कागदावर लिहिलं, ‘बिघाड आढळला नाही. निरीक्षणाखाली ठेवावी.’ त्या दिवशी संध्याकाळी पानावर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली.

काकांना हे प्रकरण कधी पटलं नाही. “ही तुझी बिनपत्त्याची माणसं,” ते म्हणायचे. त्यांच्या लेखी पत्ता नाही तो माणूस अर्धा. पण रागावत नसत. वाचन चालू असलं की वर्तमानपत्र तोंडापुढे धरून ऐकत बसायचे आणि पान उलटायला विसरायचे.

वर्षं सरली. लेक शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या शहरात गेली. काका निवृत्त झाले. माझा आवाज वाढला. पिळताना मी कोपऱ्यातून दोन बोटं पुढे सरकायची आणि बाई मला कमरेनं ढकलून मागे लावायच्या. लेकीनं हे एकदा पाहिलं आणि आईसाठी नवी मशीन पाठवून दिली, दुसऱ्या कंपनीची. दोन माणसांनी मला उचलून बाहेरच्या पॅसेजमध्ये नेलं आणि तोंड भिंतीकडे करून ठेवलं. शनिवारी भंगारवाला येणार होता. इतकी वर्षं काम केल्यावर भिंत बघत उभं राहायचं म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. मला वाईट वाटलं, सरळ सांगते. पण कान माझे स्वयंपाकघराकडेच होते, कारण आत त्याहून मोठी गोष्ट चालली होती.

मालकीणबाईंच्या पोटात गाठ निघाली होती. बोटवाल्यानं सोमवारी लिहिलं, ‘उद्या ऑपरेशन. मी बाहेरच्या बाकावर बसून असेन. इथे लिहीत राहीन. तुम्हीही काहीतरी लिहा, कशाबद्दलही चालेल.’ मंगळवारी सकाळी त्याचे दोनच शब्द आले, ‘आत नेलं.’

बाईंनी त्या दिवशी दुकानात जायचं रद्द केलं. आजींनी सांगितलेलं सगळं त्यांनी लिहून पाठवलं. मग नव्या मशीननं शिट्टी मारली म्हणून त्या फोन ओट्यावर ठेवून गॅलरीत कपडे वाळत घालायला गेल्या. काका पाणी प्यायला आत आले. ओट्यावर फोन वाजला. ‘आपला प्रश्न सुटला का?’

काकांनी नवी मशीन पाहिली. माझ्या कोपऱ्यात आता तीच उभी होती. मशीनच गेली, मग प्रश्न कसला उरला? चाळीस वर्षं टेबल रिकामं करून उठलेला माणूस तो. उरलेलं एक काम हातावेगळं करावं, तसं त्यांनी ‘होय’ दाबलं.

बाई ओले हात पुसत आल्या. फोनवर लिहिलं होतं, ‘आपला प्रश्न सुटल्याचा आनंद आहे. हे पान बंद करण्यात येत आहे.’

“अहो, हे कोणी केलं?”

“मी. जुनी मशीन गेली ना आता, म्हणून म्हटलं...”

“काय केलंत हो हे!” बाई मटकन स्टुलावर बसल्या. “आता त्यांना शोधू कुठे मी?”

आजींनी दारातून विचारलं काय झालं. बाईंनी सांगितलं. आजी आपल्या लेकाकडे तोंड करून म्हणाल्या, “त्याच्या बायकोला आत नेलंय, तो बाकावर एकटा बसलाय, आणि तू दार लावून घेतलंस?”

काकांनी कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की बंद झालेलं पान उघडत नाही आणि दुसऱ्या ग्राहकांची माहिती देता येत नाही. काकांनी चष्मा पुसला, टेबलावर कोरा कागद घेतला आणि बाईंना समोर बसवलं.

“सांग. बोटवाल्याबद्दल काय काय माहीत आहे?”

“त्यांना झेंडूचा वास सहन होत नाही. बूट ते मोठ्या मापाचे घेतात, कारण एक पाय थोडा मोठा आहे. मालकीणबाई चहा बशीत ओतून पितात.”

“गाव?”

“नदीकाठी आहे.”

“नदी कुठली?”

“नदीच म्हणतात ते.”

काकांनी पेन खाली ठेवलं. दहा वर्षांत माणसाच्या पायाचं माप कळतं आणि गावाचं नाव कळत नाही, हे त्यांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. त्या दिवशी घरात कोणाचं जेवणात लक्ष नव्हतं. आजी तासातासाला विचारत होत्या, “बोटवाल्याच्या बायकोचं काही कळलं?” आणि प्रत्येक वेळी काका मान खाली घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दाढी करता करता अर्धा गाल साबणानं भरलेला तसाच ठेवून स्वयंपाकघरात आले.

“अगं, ज्या पत्राला मालक सापडत नाही, ते शेवटी कुठं जातं?”

“मला काय विचारता? जन्म तुमचा गेला त्यात.”

“जिथून निघालं तिथं परत जातं. तुम्ही सगळे कुठून निघालात?”

“तुंबलेल्या मशीनपासून,” आजी म्हणाल्या.

“मग तेही तिथंच परत येतील. तू नवीन प्रश्न विचार.”

बाईंनी कंपनीचं पान उघडलं. नवा प्रश्न विचारायला नवा फॉर्म होता आणि त्यात पहिलीच मागणी होती मशीनचा नंबर. नवी मशीन दुसऱ्या कंपनीची, तिचा नंबर चालणार नव्हता. तिघंही पॅसेजमध्ये आले. तोंड भिंतीकडे केल्यामुळे माझी पाठ नेमकी उजेडात होती. ज्या पाठीकडे अकरा वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिच्यापुढे अख्खं घर उकिडवं बसलं. आजीसुद्धा भिंतीला धरून वाकल्या होत्या, दिसत काही नसताना.

नंबर पुसट झाला होता. काकांनी नोकरीतलं जुनं भिंग आणलं, टॉर्च आडवा धरला आणि एकेक आकडा सांगायला सुरुवात केली. एका आकड्याशी ते अडले.

“तीन दिसतोय,” बाई म्हणाल्या.

“थांब. आठ पुसला गेला की तीनसारखा दिसतो. डाव्या अंगाला सावली राहते. आठच आहे. टाक.”

आठ टाकल्याबरोबर फॉर्म पुढे सरकला. बाईंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. कालपासून त्या त्यांच्याशी एक शब्द जास्तीचा बोलल्या नव्हत्या.

पुढचे रकाने सोपे होते. मशीन किती वर्षांची? अकरा. घरात किती माणसांचे कपडे धुता? तीन. बिघाड काय? इथे बाई थांबल्या. इतकी वर्षं खोटं ‘अजून नाही’ दाबून त्या थकल्या असाव्यात. त्यांनी सरळ लिहिलं, ‘मशीनला काही झालेलं नाही. माझी माणसं सुटली आहेत. मी काजेबटणे. बोटवाले, मालकीणबाई कशा आहेत?’

फॉर्म गेला आणि नव्या प्रश्नांची यादी उघडली. यादीत आदल्या दिवसाचे दोन प्रश्न होते. पहिला होता, ‘मशीन चालू करताच काजेबटणे गायब होतात. उपाय सांगा.’ माणसं किती, या रकान्यात लिहिलं होतं, ‘तीन. लवकरच चौथं येतंय, त्याचे कपडे फार लहान असतील.’ हा चौथा मजला. त्याचं लग्न गेल्या वर्षी झालं होतं आणि येणाऱ्या बाळाची बातमी तो आठवडाभर सांगू की नको करत होता. दुसरा प्रश्न जुळ्यांच्या आईचा होता. तिनं माणसांच्या रकान्यात ‘चार, पण धुणं दहा जणांचं’ असं लिहून बिघाडाच्या जागी फक्त म्हटलं होतं, ‘कुठे गेलात सगळे?’

बाईंनी दोन्ही प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवले. काकांनी तेवढ्यात अर्ध्या गालावरचा वाळलेला साबण पुसला. दुपारपर्यंत तिघं एका पानावर जमले, आणि काकांनी उभं राहून पहिलं काम करवून घेतलं. सगळ्यांचे पत्ते आणि फोन नंबर.

बोटवाला मात्र आला नाही.

बुधवार गेला, गुरुवार गेला. नव्या मशीनमध्ये कपडे फिरायचे आणि बाई फोन हातात धरून पॅसेजमध्ये माझ्यापाशी येऊन बसायच्या. का, ते मला माहीत नाही, पण मला बरं वाटायचं. शुक्रवारी चौथ्या मजल्यानं लिहिलं की कदाचित त्याला लिहावंसं वाटत नसेल. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

शनिवारी सकाळी भंगारवाला आला. काका दाराशी त्याच्याशी बोलत होते, तेवढ्यात बाईंच्या फोनवर यादीत नवा प्रश्न दिसला. बाईंनी आजींना हाक मारली. आजी भिंतीला धरून आल्या. काकांनी भंगारवाल्याला हातानंच थांब म्हटलं.

“बोटवाल्याचा फॉर्म आहे,” बाई म्हणाल्या. त्यांना वाचवेना. फोन त्यांनी काकांकडे दिला.

काकांनी वाचायला सुरुवात केली. “मशीन किती वर्षांची, बारा. घरात किती माणसांचे कपडे धुता...” ते थांबले.

“किती?” आजींनी विचारलं. “अरे, किती लिहिलंय?”

“दोन.”

“नीट बघ. पुसलेला आठ तीनसारखा दिसतो, तूच म्हणाला होतास.”

“आई, अक्षरात लिहिलंय. दोन.”

आजी तिथेच माझ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. बाई एकदम हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले. काकांनी पुढचं वाचलं. गाठ काढली होती, ती साधी होती. मालकीणबाई सोमवारी घरी येणार होत्या. टाके ताजे आहेत, मऊ कपडे कसे धुवावेत, असा त्याचा प्रश्न होता. खाली एक ओळ होती, ‘मंगळवारी पान बंद दिसलं तेव्हा मला वाटलं, मी फार रडगाणं गायलो म्हणून तुम्ही कंटाळलात.’

काकांनी फोन परत दिला नाही. स्वतः लिहिलं, ‘पान मी बंद केलं. चूक माझी. मी काजेबटण्यांचा नवरा.’ दहा वर्षांत त्यांनी लिहिलेली ती पहिली ओळ.

“त्याला विचार,” आजी म्हणाल्या, “मालकीणबाईंचं नाव काय ते. पाच दिवस मी तिच्यासाठी हात जोडत होते, नाव घ्यायचं ते माहीत नव्हतं.”

काकांनी विचारलं. थोड्या वेळानं नाव आलं. आजींनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

भंगारवाला रिकाम्या हातानं गेला. मी आता पॅसेजमध्ये तोंड पुढे करून उभी आहे, पायपुसणी आणि पडदे धुते आणि संध्याकाळी गप्पा ऐकते. मित्रांनो, ते नाव मला ठाऊक आहे, पण मी तुम्हाला सांगणार नाही. ते त्यांच्या घरचं आहे. तुमच्याही अशा लांबच्या, रोज भेटणाऱ्या मैतरांच्या घरी कोणी मालकीणबाई, कोणी म्हातारे वडील, कोणी जुळी असतील. त्यांची नावं तुम्ही विचारून घ्या. संकोच वाटला तरी विचारा, आणि आजच विचारा.